लिनक्स बदलले, वायफाय गेले : घाबरू नका, आधी कारण शोधा

आपल्या वस्त्यांमध्ये आणि चाळींमध्ये आता संगणक आला आहे. कुणी एखाद्या कंपनीने निकाली काढलेला लॅपटॉप हप्त्याने घेतला, कुणी भावाकडचा जुना आणला. दिवसभर राबून आलेले आईबाप पोटाला चिमटा घेऊन ही वस्तू घरात आणतात, ती मुलांच्या शिक्षणासाठी. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, नोकरभरतीचा फॉर्म, परीक्षेचे प्रवेशपत्र ही सारी कामे त्यावरच होतात. अर्जाची मुदत दोन दिवसांवर आली असताना हा संगणक इंटरनेटला जोडला जाईना, तर त्या घरात काय अवस्था होते ते वेगळे सांगायला नको. म्हणून आज आम्ही एका घरगुती पण महत्त्वाच्या विषयावर लिहीत आहोत.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. पुढची विंडोज ११ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे उत्तम चालणारे असंख्य संगणक एका दिवसात 'जुने' ठरले. दुकानात गेले की उत्तर ठरलेले, "नवा घ्या." पण नवा घेण्याची ऐपत सर्वांचीच नसते, आणि तशी गरजही नसते. अशा संगणकावर लिनक्स ही मुक्त प्रणाली मोफत बसवता येते. अनेक घरांत ती बसवलेली आहेच. अडचण येते ती पुढे, तिची आवृत्ती बदलताना. नवी आवृत्ती चढवली आणि वायफाय गायब झाले, ही तक्रार फार जुनी आहे. ती दूर करता येते, हेच आम्हांला सांगायचे आहे.

लिनक्स म्हणजे काय?

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करत होता. प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा प्रिंटर आला. त्यात कागद अडकला की दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाला कळत नसे. तसा इशारा देणारी सोय स्टॉलमनने जुन्या प्रिंटरसाठी केली होती. नव्यासाठी करावी, तर त्याच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर मिळेना. ज्याच्याकडे तो होता, त्याने गुप्ततेचा करार असल्याचे सांगून नकार दिला. ही गोष्ट स्टॉलमनच्या मनाला लागली. पुढे १९८३ मध्ये त्याने ग्नू या मुक्त प्रणालीची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिला. या दोन्ही कामांतून आजची प्रणाली उभी राहिली. ती कुणीही वापरावी, तिचा मूळ मजकूर कुणीही वाचावा, सुधारावा, दुसऱ्याला द्यावा. ज्ञान कुलूपबंद ठेवले की काय होते, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको.

या प्रणालीची अनेक रूपे आहेत. त्यांतील उबुंटू हे रूप २००४ पासून मिळते. दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिल महिन्यात तिची दीर्घ मुदतीची आवृत्ती येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. २०.०४ म्हणजे २०२० सालच्या चौथ्या महिन्यातली. तिची पाच वर्षे २०२५ मध्ये भरली. २२.०४ ची २०२७ मध्ये आणि २४.०४ ची २०२९ मध्ये भरतील. मुदत संपल्यावर संगणक बंद पडत नाही, पण नव्याने सापडलेली भगदाडे बुजवली जात नाहीत. ज्या संगणकावरून आपण बँकेचे काम करतो, त्याच्या बाबतीत हा धोका पत्करू नये.

आवृत्ती बदलण्यापूर्वी

आमचा आग्रह आहे की घाईने काही करू नये. पुढील तयारी एका रविवारी सहज होते.

पहिली गोष्ट, मुलांच्या अभ्यासाच्या फाइली, दाखल्यांच्या प्रती, घरचे फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. हे न करता पुढे पाऊल टाकू नका.

दुसरी गोष्ट, आपल्या वायफायची चिप कोणती ते वहीत लिहून ठेवा. टर्मिनल उघडून एल, एस, पी, सी, आय ही पाच इंग्रजी अक्षरे लहान लिपीत सलग लिहा आणि एंटर दाबा. यादी येईल. त्यातील 'नेटवर्क कंट्रोलर' असे लिहिलेल्या ओळीत चिपच्या कंपनीचे नाव असते : इंटेल, ब्रॉडकॉम, रिअलटेक, क्वालकॉम अथेरॉस वगैरे. केबलच्या इंटरनेटची ओळ सहसा 'इथरनेट कंट्रोलर' अशी वेगळी असते.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. किमान ८ जीबीच्या कोऱ्या पेनड्राइव्हवर नवी आवृत्ती उतरवा आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. 'ट्राय उबुंटू' हा पर्याय निवडला की आतल्या डिस्कवर काहीही न बसवता नवी प्रणाली चालून दिसते. तिथे वायफाय लागते का, आवाज येतो का, ते पाहा. साडी घेण्यापूर्वी आपण ती उलगडून पाहतोच ना? तसेच हे. वायफाय लागले तर निर्धास्तपणे पुढे जा. नाही लागले, तर अडचण कुठे येणार ते आधीच कळले.

नंतर सध्याच्या आवृत्तीचे सर्व अपडेट पूर्ण करा, डिस्कवर पुरेशी जागा मोकळी करा, लॅपटॉपला चार्जर लावा आणि ज्या वेळी वीज जाण्याची शक्यता कमी, अशी वेळ निवडा. 'सॉफ्टवेअर अपडेटर' उघडला की नव्या आवृत्तीची सूचना दिसते. तिथून काम सुरू होते आणि संगणकाच्या वेगाप्रमाणे काही तास चालते. मध्येच बंद करू नका. मधली आवृत्ती गाळून उडी मारता येत नाही. २०.०४ वरून आधी २२.०४ आणि मग २४.०४, असे पायरीपायरीने जावे लागते.

ज्यांचे सध्या सुरळीत चालले आहे आणि बदलाची हिंमत होत नाही, त्यांच्यासाठीही वाट आहे. 'उबुंटू प्रो' ही नोंदणी घरगुती वापराच्या पाच संगणकांपर्यंत मोफत असून तिच्यामुळे सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत आणखी पाच वर्षांनी वाढते. ऐन अर्ज भरण्याच्या हंगामात आवृत्ती बदलण्यापेक्षा हे बरे.

वायफाय जाते का?

प्रत्येक चिपला संगणकाशी बोलण्यासाठी दुभाष्या लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. इंटेलच्या बहुतेक चिपांचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतो, म्हणून त्या सहसा त्रास देत नाहीत. ब्रॉडकॉमचे तसे नव्हते. या कंपनीने आपल्या चिपांची माहिती स्वयंसेवकांना दिली नाही. तेव्हा त्यांनी चिपचे वागणे बारकाईने तपासून स्वतःच ड्रायव्हर लिहिला, तो २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आला. पण चिपच्या आत भरावा लागणारा मजकूर, म्हणजे फर्मवेअर, कंपनीच्या मालकीचा. तो वाटण्याची परवानगी नाही. मग वायफाय चालवायला फर्मवेअर हवे आणि ते आणायला इंटरनेट हवे, असा पेच झाला. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमने काही नव्या चिपांचा मुक्त ड्रायव्हर दिला. तरी जुन्या लॅपटॉपमधील कित्येक चिपांना अजूनही कंपनीचा वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो. रिअलटेकच्या काही चिपांचेही असेच आहे.

हा वेगळा ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी तयार झाला, त्याच्याशीच जुळतो. आवृत्ती बदलली की कर्नल बदलतो आणि ड्रायव्हर नव्याने तयार व्हावा लागतो. तो झाला नाही, तर वायफाय दिसत नाही. म्हणजे बिघाड यंत्रात नसतो, दोघांची भाषा जुळलेली नसते. हे न समजल्यामुळे 'मदरबोर्ड गेला' म्हणून चांगल्या वस्तूवर पैसे घालवले जातात.

काय करावे?

आधी साधे तपासा. कीबोर्डवर विमानाचे किंवा लहरींचे चित्र असलेले बटण असते. काही लॅपटॉपच्या कडेला सरकते बटणही असते. ते चुकून बंद झालेले नाही ना? सेटिंगमध्ये 'एअरप्लेन मोड' चालू नाही ना?

बटण ठीक आहे, पण 'वायफाय ॲडाप्टर सापडला नाही' असे येते, तर ड्रायव्हरची अडचण समजावी. आता इंटरनेट कुठून आणायचे? मोबाइल मदतीला येतो. चार्जिंगच्या, पण डेटाही नेणाऱ्या केबलने अँड्रॉइड फोन संगणकाला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. वायफाय नसतानाही फोनचे इंटरनेट संगणकाला मिळते. आता 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' उघडा. थोडा वेळ शोधून तो आपल्या चिपसाठी ड्रायव्हर सुचवतो. तो निवडा, बसू द्या आणि संगणक पुन्हा सुरू करा.

इथे एक अडथळा अनेकांना चकवतो. संगणकात 'सिक्युअर बूट' चालू असेल, तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुन्हा सुरू होताना निळी स्क्रीन येते. तिच्यावर 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. निळी स्क्रीन पाहून घाबरून पुढे गेलात, तर ड्रायव्हर बसलेला असूनही चालू होत नाही.

आवृत्ती बदलण्यापूर्वी वायफाय चालत होते आणि नंतर गेले असेल, तर आणखी एक परीक्षा घ्या. संगणक सुरू होताना एस्केप हे बटण, जुन्या यंत्रात शिफ्ट, दाबले की यादी येते. तीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जुना कर्नलही शिल्लक असतो. तो निवडून सुरू केल्यावर वायफाय लागले, तर चिप धडधाकट आहे हे सिद्ध झाले. तातडीचा अर्ज त्यावरच भरून घ्या, दुरुस्ती सावकाश करा.

वायफाय लागते पण सारखे तुटते, असे असेल तर वीज वाचवण्यासाठी चिप मधूनच झोपी जात असण्याची शक्यता असते. नेटवर्क मॅनेजरच्या वायफाय-पॉवरसेव्हच्या फाइलमध्ये ३ हा आकडा असतो, तो जाणत्या मुलाकडून २ करून घ्यावा. रिअलटेकची आरटीएल ८७२३बीई ही चिप असून राउटरच्या शेजारीच रेंज मिळत असेल, तर एकच अँटेना असलेल्या लॅपटॉपमध्ये ड्रायव्हर दुसरीच जागा धरून बसलेला असतो. अँटेना निवडण्याचा पर्याय त्या ड्रायव्हरमध्ये आहे. शिवाय अनेक जुन्या चिपांना केवळ २.४ गिगाहर्ट्झचे जाळे दिसते. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर ठेवला असेल, तर त्यांना तो दिसणारच नाही.

सर्व उपाय थकले, तरी संगणक टाकून देऊ नका. यूएसबीमध्ये बसणारा छोटा वायफाय डोंगल मिळतो. घेताना डब्यावरच्या कंपनीच्या नावापेक्षा आतली चिप विचारा. अथेरॉसची एआर ९२७१ किंवा मीडियाटेकची एमटी ७६१२यू यांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच आहेत.

शेवटी एक विनंती

ही प्रणाली जगभरातल्या माणसांनी एकमेकांना मदत करत उभी केली. आपणही तेच करावे. प्रत्येक वस्तीत संगणकाची आवड असलेली एखादी मुलगी, एखादा मुलगा असतोच. विहाराच्या अभ्यासिकेत नव्या आवृत्तीचा एक पेनड्राइव्ह, एक चांगली केबल आणि एक जाड वही ठेवा. कोणत्या लॅपटॉपमध्ये कोणती चिप, काय अडले आणि कशाने सुटले, याची नोंद त्या वहीत होत जाऊ द्या. एका घरी चार तास खपून सुटलेली अडचण मग दुसऱ्या घरी दहा मिनिटांत सुटेल. आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा राहिला म्हणून कुणा मुलीचे वर्ष वाया जाणार नाही.