मुलांच्या दूरचित्रवाणीला हक्काचं घर

मुलांसाठी टीव्हीचे कार्यक्रम करणाऱ्या बालचित्रवाणीचा स्टुडिओ पुण्यात ज्या रस्त्यावर होता, त्याला सेनापती बापटांचं नाव आहे. पांडुरंग महादेव बापटांचे ‘सेनापती’ झाले ते मुळशी सत्याग्रहामुळे. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध मावळातले शेतकरी उठले, तेव्हा बापट त्यांच्या पुढे होते. धरण व्हायचं ते झालंच. त्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार होऊ लागली आणि ती मुंबईला गेली. आम्हा मुळशीकरांकडे पुढे खूप वर्षांनी मुंबईची चित्रं आली, तीही डोंगर चुकवत चुकवत.

पौडच्या पुढे आमची शाळा. टीव्ही लाकडी पेटीत कुलूपबंद असायचा आणि किल्ली गुरुजींच्या सदऱ्याच्या खिशात. छपरावर चढून बांबूला बांधलेली अँटेना फिरवायचं काम मोठ्या पोरांचं. वरून ओरड यायची, ‘आलं का?’ आणि आम्ही सगळे खालून एका सुरात, ‘आलं, आलं, गेलं!’ त्या मुंग्यांमधून जे काही दिसलं, ते आमच्या भाषेत आणि आमच्यासाठी केलेलं होतं. टीव्हीवरचा माणूस आपल्याशी मराठीत बोलतो, याचं अप्रूप मला अजून आठवतं.

हे आमच्यापर्यंत पोचलं त्याची मुळं ‘साइट’ या प्रयोगात आहेत. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ असं वर्षभर अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. मुलांचे कार्यक्रम सकाळी, शाळेच्या वेळात असायचे. विक्रम साराभाईंनी पाहिलेलं हे स्वप्न जमिनीवर उतरवण्यात एकनाथ चिटणीस या मराठी वैज्ञानिकाचा मोठा वाटा होता. तरी त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पुढे ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१ बी आकाशात गेला आणि आपला स्वतःचा उपग्रह हाती आला. मग मुलांसाठी कार्यक्रम करणाऱ्या संस्था सहा राज्यांत निघाल्या. यावेळी त्यांत महाराष्ट्र होता. २७ जानेवारी १९८४ रोजी पुण्यात राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. हे सरकारी नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. लोकांची ती बालचित्रवाणीच.

कार्यक्रम साधारण वीस मिनिटांचे, पाच ते आठ आणि नऊ ते अकरा अशा दोन वयोगटांसाठी. पाच वर्षांचं पोर आणि अकरा वर्षांचं पोर एका सतरंजीवर बसत असली, तरी त्यांना एकच गोष्ट सांगून चालत नाही, हे त्या आखणीत मानलेलं होतं. आजच्या चोवीस तासांच्या कार्टून वाहिन्यांना एवढंसुद्धा सुचलेलं दिसत नाही. वर्षानुवर्षांच्या कामातून सहा हजारांहून अधिक कार्यक्रम तयार झाले. मराठीत मुलांसाठी एका जागी एवढं दृश्य काम दुसरीकडे कुठे झाल्याचं मला माहीत नाही.

त्याच काळात दूरदर्शनवर इतर निर्मातेही मुलांसाठी काही करत होते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सुमीत राघवनच्या रूपात पडद्यावर आला, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या मालिकेतून घरोघरी पोचला. दोन्ही मला प्रिय. पण या मालिका तेरा आठवड्यांच्या हिशोबात जगणाऱ्या. मालिका संपली की माणसं पांगायची, शिकलेलं त्यांच्याबरोबर जायचं. बालचित्रवाणीत ते साठत होतं.

मग ती बंद का पडली? माझं उत्तर साधं आहे. कार्यक्रम तिचे, प्रक्षेपणाची वेळ दूरदर्शनची आणि पैसा सरकारचा. कागदावर स्वायत्त असलेल्या संस्थेच्या हातात यांतली शेवटची दोन नव्हती. केंद्राचं अनुदान आटलं, राज्याने ते मनापासून उचललं नाही, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि ३१ मे २०१७ रोजी संस्थेला कुलूप लागलं.

अमेरिकेत याच वाटेवर एक संस्था टिकली. चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉप १९६८ मध्ये उभी राहिली आणि १० नोव्हेंबर १९६९ पासून तिचं ‘सेसमी स्ट्रीट’ दिसू लागलं. सुरुवातीचा पैसा तिथल्या सरकारचा आणि कार्नेगी, फोर्ड या प्रतिष्ठानांचा, म्हणजे तीही परक्याच्या ओंजळीने पाणी पीत होती. पण बाहुल्या, पुस्तकं, खेळणी यांतून तिने स्वतःची मिळकत उभी केली. २००६ मध्ये ती ‘गली गली सिम सिम’ होऊन आपल्याकडे हिंदीत आली. मराठी मुलांना ओढ लागेल अशी एखादी बाहुली बालचित्रवाणीला घडवू दिली असती, तर? मला हा प्रश्न सोडत नाही.

पुण्याने हे काम मध्येच टाकून दिलं नाही, हेही सांगायला हवं. आयुकातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याचे छोटे छोटे चित्रपट केले, अनेक भाषांत, आणि सगळे फुकट खुले ठेवले. कुणाची वेळ मागायची गरजच ठेवली नाही.

आणि कोरोनात ‘टिलीमिली’ आली. शाळा बंद, ऑनलाइन वर्गाला फोन नाही, असला तर डोंगरात रेंज नाही. तेव्हा एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने सह्याद्री वाहिनीवर २० जुलै २०२० पासून ही मालिका सुरू केली. पहिली ते आठवी, प्रत्येक इयत्तेचे साठ भाग, म्हणजे ४८० भाग, पाठ्यपुस्तकांवर बेतलेले. पण फळ्यापुढचं व्याख्यान नाही. घरातली भांडी, अंगणातले खडे, पानं, आईबाबा, आजी यांनाच धरून शिकायचं. सरकारच्या बाहेरच्या संस्थेने सरकारी वाहिनीवर इतक्या तातडीने एवढं मोठं काम करून दाखवलं, याचा मला अभिमान वाटतो. सप्टेंबरअखेर साठ दिवस भरले आणि पहिल्या सत्राचे पाठ संपले.

त्या दिवसांत मी गावी होतो. शेजारची दुसरीतली मुलगी पडवीत खड्यांचे दहा-दहाचे ढीग लावत बसली होती. आत टीव्हीवरची ताई काहीतरी विचारत होती आणि ही बाहेरून उत्तर ओरडत होती. तिची आजी भात निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, ‘आमच्या वक्ताला असं कुणी इचारलं नाय बाई.’ मग सूप बाजूला ठेवून तीही खडे मोजायला बसली.