न ऐकू येणारा सूर

कृष्णाकाठच्या कऱ्हाड वा सांगलीतील एखाद्या घरी जुना दूरचित्रवाणी संच लावावा, आणि घरातील लहान मुलीने कानांवर हात ठेवून म्हणावे, “आजोबा, बारीक शीळ वाजते आहे!” आजोबांनी कान देऊन ऐकावे व म्हणावे, “छे! तुला भास होतो आहे.” या दोघांत खरे कोणाचे? गंमत अशी, की दोघेही खरेच सांगत असतात. शीळ वाजत असते. मात्र आजोबांच्या कानांना ती उमगत नाही.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे १९८० नंतरच्या दशकात देशभर प्रक्षेपकांचे जाळे पसरले आणि घरोघरी काचेच्या नळीचे संच आले. या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर ओळीमागून ओळ ओढतो. आपल्याकडील पद्धतीत एक चित्र ६२५ ओळींचे असे आणि सेकंदाला अशी २५ चित्रे उमटत. म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी! तितक्याच वेळा संचातील एका रोहित्रातून वीजप्रवाह चढतो व उतरतो. रोहित्राचा गाभा फेराइटचा असतो. चुंबकत्वाच्या या चढउतारामुळे तो किंचित ताणतो व आक्रसतो. भोवतालची तारेची वेटोळीही कंप पावतात. या कंपनांचाच तो सूर होय.

माणसाला साधारणतः सेकंदाला २० ते २०,००० कंपनांचे आवाज ऐकू येतात. परंतु वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते. म्हणून नातीला ऐकू येणारा सूर आजोबांना ऐकू येत नाही.

नव्या संचात सर्व भाग घट्ट बसलेले असल्याने हा सूर दबलेला राहतो. वर्षानुवर्षे तापून व निवून वेटोळ्यांवरील लेप तडकतो, गाभ्याची पकड सैल होते, आणि शीळ वाढते.

दोष शोधताना कारागीर प्रथम आवाजाची कळ शून्यावर आणतो. शीळ तरीही राहिली, तर ती ध्वनिवर्धकातून येत नाही हे ठरते. मग चित्र आडवे स्थिर राखणारी कळ तो किंचित फिरवतो. चित्राबरोबर शिळेची पट्टीही बदलली, तर दोष ओळी ओढणाऱ्या भागात आहे हे निश्चित होते. मग संच बंद करून व साठलेली वीज काढून टाकून तो गाभ्याची पकड बेताने आवळतो. फेराइट ठिसूळ असल्याने अधिक जोर चालत नाही. सैल वेटोळ्यांवर तो वार्निशाचा लेप देतो. तेवढ्याने न भागले, तर रोहित्रच बदलावे लागते.

शिळेऐवजी ‘चर्र’ असा आवाज आला व उग्र वास सुटला, तर मात्र उच्च दाबाची वीज गळत आहे असे समजावे. महाबळेश्वर-पाटणकडील पावसाळी दमट हवा आणि जत-आटपाडीकडील धूळ, दोन्ही या गळतीला निमित्त होतात. असा संच तत्काळ बंद करावा. रंगीत संचाच्या नळीतील दाब पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास असतो आणि संच बंद केल्यावरही काही काळ तो नळीत टिकून राहतो. म्हणून मुलांनी संच कधीही उघडू नये. ते काम जाणकाराचेच.

सांगली जिल्ह्यातील मिरज तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागीर घोडी घासून व तारेखाली सूत सरकवून वरचे सूक्ष्म सूर जागे करतो. संच दुरुस्त करणाऱ्याला असाच सूक्ष्म सूर निजवायचा असतो. दोघांचीही भिस्त कानावर.

परंतु दुरुस्ती करणाऱ्याचे केस पिकले असतील, तर त्याने काय करावे? त्याने काम आटोपून, संच पुन्हा बंदिस्त करून सुरू करावा आणि घरातील मुलीला विचारावे, “बाळ, आता शीळ थांबली का?” तिने ‘हो’ म्हटले, की काम फत्ते झाले. हात अनुभवी माणसाचे आणि कान लहानग्या मुलीचे! आपल्याला ऐकू आले नाही म्हणून दुसऱ्याचे ऐकणे खोटे ठरत नाही, हे ज्याला उमगले त्यालाच दोष सापडतो.