भाड्यानें मिळणारें लोडर यंत्र : मुळशी तालुक्यांतील जमीनधारकांस कांहीं सूचना

हिंजवडी, माण, मारुंजी, म्हाळुंगे हीं मुळशी तालुक्याच्या पूर्व अंगाचीं गांवें एके काळीं भाताच्या खाचरांसाठीं ओळखलीं जात. सन १९९० नंतरच्या दशकांत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळानें हिंजवडीस राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाची उभारणी आरंभिली, तेव्हांपासून खाचराशेजारीं इमारत व इमारतीशेजारीं खाचर असा या भागाचा देखावा झाला आहे. ज्याची जमीन गेली त्यास नवें घर बांधावयाचें असतें. ज्याची राहिली त्यास बांध नीट करणें, वाट काढणें, रोपवाटिका मांडणें अशीं कामें निघतात. या सर्व कामांस माती हलवावी लागते. पूर्वीं तें काम बैलांच्या केणीनें किंवा वडारी मंडळींच्या टिकाव-घमेल्यांनीं होई. आज तें तासाच्या भाड्यानें मिळणाऱ्या यंत्राकडे गेलें आहे.

यंत्र बोलावणें आतां एका फोनाचें काम आहे. त्यामुळें विचार न करतां तें बोलावण्याची संवय पडत चालली आहे. वास्तविक यंत्राचें भाडें हा या व्यवहारांतील सर्वांत लहान खर्च होय. नासलेली जमीन, हललेली हद्द आणि महसुली दंड हे त्याहून फार मोठे खर्च असून, ते काम झाल्यावर कित्येक महिन्यांनीं दारीं येतात. याकरितां प्रस्तुत लेखांत यंत्राची ओळख, तासांचा हिशेब, करार, मातीची काळजी व कायदा या क्रमानें पांच गोष्टी मांडीत आहें.

यंत्रांची ओळख

आपल्याकडे माती उकरणाऱ्या बहुतेक यंत्रांस सरसकट 'जेसीबी' म्हणतात. हें नांव जोसेफ सिरिल बॅम्फर्ड या इंग्रज कारखानदाराच्या आद्याक्षरांचें आहे. त्यानें सन १९४५ मध्यें धंद्यास आरंभ केला, तो शेतकऱ्याच्या उपयोगाच्या कलत्या ट्रेलरपासून. पुढें बोरी व मागें खोदणारा हात असें त्या कंपनीचें यंत्र सन १९७९ पासून हिंदुस्थानांत तयार होऊं लागलें. तें सात-साडेसात टन वजनाचें असून, पुढील बोरींत सुमारें एक घनमीटर माती मावते.

त्याहून लहान तें स्किड स्टिअर लोडर. बाजारांत त्यास 'बॉबकॅट' म्हणतात. याची उत्पत्ति शेतकऱ्याच्या गरजेंतूनच झाली, हें वाचकांस कौतुकाचें वाटेल. अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत टर्की पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्यास आपल्या दुमजली खुराड्यांतील विष्ठा काढावयाची होती. खांबांच्या दाटींत वळेल व वरच्या मजल्यास पेलेल इतकें लहान यंत्र त्यास पाहिजे होतें. सिरिल व लुई केलर या लोहारकाम करणाऱ्या भावांनीं सन १९५७ मध्यें तें तीन चाकांवर बनवून दिलें. पुढें मेलरो कंपनीनें तें हातीं घेऊन चार चाकांचें केलें आणि सन १९६२ पासून 'बॉबकॅट' हें नांव रूढ झालें.

या यंत्राचीं चाकें ट्रॅक्टराप्रमाणें वळत नाहींत. एका बाजूचीं चाकें जलद व दुसऱ्या बाजूचीं मंद फिरवून तें जागच्या जागीं घसरत वळतें. यामुळें पांच-सहा फुटांच्या बोळांतून तें जाऊं शकतें. परंतु त्याच कारणानें प्रत्येक वळणाला खालची जमीन खरवडली जाते. गुण व दोष एकाच ठिकाणचे आहेत, हें लक्षांत ठेवावें. घरामागील अरुंद जागा, गोठा, हरितगृह, सोसायटीची बाग येथें तें योग्य. उघड्या शेतांतील मोठ्या भरावास तें महाग पडतें.

कामाचें माप व तास

यंत्र ठरविण्यापूर्वीं कामाचें माप ब्रासांत काढावें. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तेव्हां एका गुंठ्यांतील एक फूट थर म्हणजे सुमारें अकरा ब्रास माती झाली. उकरलेली माती फुगते. ती सव्वापट धरल्यास उचलावयाची माती साडेतेरा ब्रासांवर जाते.

लहान लोडराच्या बोरींत सुमारें चौदा घनफूट माती धरली, तर एका ब्रासास सात खेपा व एकंदर पंचाण्णव खेपा होतात. माती पन्नास फुटांच्या आंत टाकावयाची असल्यास खेपेस एक मिनिट धरावें. थांबणें, अडखळणें मिळवून दोन तास लागतील. हेंच काम मोकळ्या जागेंत मोठें यंत्र अडतीस-एकोणचाळीस खेपांत, म्हणजे पाऊण तासांत उरकील. म्हणून लहान यंत्राचें तासाचें भाडें मोठ्याच्या निम्में असलें तरीहि मोकळ्या जागीं मोठेंच स्वस्त पडतें. जागा अरुंद असेल, किंवा जड चाकांनीं बाग दबण्याचें भय असेल, तेथेंच लहान यंत्रास जास्त पैसे देणें शहाणपणाचें ठरतें.

माती टाकावयाची जागा दूर असेल तर खेपेचा वेळ वाढतो व सारा हिशेब बदलतो. सबब यंत्र येण्यापूर्वीं उकरावयाची व टाकावयाची जागा चुन्याच्या फक्कीनें आंखून ठेवावी. चालकास उभें ठेवून भावाभावांनीं रेषा कोठें मारावी याचा वाद घालावा, हें फार महाग पडतें.

कराराचीं कलमें

तोंडी ठरावांत भांडणाचें बीज असतें. एका कागदावर पुढील गोष्टी लिहून दोघांनीं सह्या कराव्या.

(१) तास कसे मोजावयाचे? यंत्रावरील तासमापकाचा आंकडा काम सुरू होतांना व संपतांना दोघांनीं पाहून लिहावा. घड्याळाचे तास व मापकाचे तास एक नसतात.

(२) किमान किती तासांचें भाडें लागेल? पाऊण तासाच्या कामास तीन-चार तासांचे पैसे द्यावे लागत असतील, तर शेजाऱ्यांचीं कामें मिळवून एकाच दिवशीं यंत्र आणावें.

(३) ने-आणीचा खर्च कोणाचा? लहान लोडर बहुधा टेंपोवर किंवा ट्रकावर चढवून आणतात. तें भाडें निराळें असतें.

(४) डिझेल व चालकाचा भत्ता भाड्यांत धरला आहे कीं नाहीं?

(५) यंत्र बिघडल्यास किंवा पावसानें काम थांबल्यास तास कोणाच्या माथीं?

(६) शेजाऱ्याची भिंत, पाइप किंवा केबल तुटल्यास भरपाई कोण देईल? यंत्राची नोंदणी, विम्याचा चालू कागद व चालकाचा परवाना प्रत्यक्ष पाहावा. "आहे, गाडींत आहे" एवढ्या उत्तरावर समाधान मानूं नये.

जमिनीखालून जाणाऱ्या वाहिन्यांविषयीं आपल्या भागांत विशेष सावध राहिलें पाहिजे. वीज, पाणी, गॅस व दूरसंचाराच्या तारा यांचें जाळें रस्त्याच्या कडेनें पसरलें आहे. खोदण्यापूर्वीं वाहिनीच्या मालकांस कळविण्याकरितां केंद्र सरकारनें सन २०२३ मध्यें 'कॉल बिफोर यू डिग' नांवाची मोबाइलवरील सोय सुरू केली आहे, तिचा उपयोग करावा.

मातीची काळजी

भातखाचराच्या तळाशीं वर्षानुवर्षांच्या चिखलणीनें एक घट्ट थर बसलेला असतो. त्याच्यामुळेंच पाणी खाचरांत उभें राहतें. सपाटीकरणाच्या नादांत हा थर फोडला, तर खाचर गळकें होतें व तें पुन्हां धरण्यास कांहीं वर्षें चिखलणी करावी लागते. तेव्हां दोन खाचरें एक करावयाचीं असल्यास प्रथम वरची सुपीक माती अर्धा फूट उतरून बाजूस रचावी, मग खालचा मुरूम सारखा करावा, आणि शेवटीं तीच माती वर पसरावी. दोनदां माती हलविल्यानें तास वाढतात, हें खरें; परंतु मुरूम वर व माती खालीं गेली, तर त्या शेतांत पुढें काय उगवेल?

ओल्या मातींत यंत्र घालूं नये. हातांत मूठभर माती दाबून तिचा गोळा राहिला व बोटानें टोचल्यावर फुटला नाहीं, तर चार दिवस थांबावें. ओली जमीन चाकांखालीं विटेसारखी दबते व मुळांस वाव राहत नाहीं. काम संपल्यावर चाकोऱ्यांवरून खोल नांगरट करून घ्यावी.

सर्वांत कळकळीनें सांगावयाची गोष्ट ही कीं, आपली वरची माती विकूं नये. नव्या इमारतींच्या बागांस लाल मातीची मागणी मोठी आहे, आणि लोडर व डंपर दारांत आणून रोख पैसे देणारे भेटतात. हिशेब करून पाहावा. एका एकरावरील अर्धा फूट माती म्हणजे सुमारें २१८ ब्रास, वजनानें आठशें टनांहून अधिक. दोन-तीन दिवसांत यंत्र ती उचलतें. एक इंच माती तयार होण्यास निसर्गास शेंकडों वर्षें लागतात. याच्या उलट मार्गहि उपलब्ध आहे. राज्य सरकारनें सन २०१७ मध्यें 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली. तिच्या द्वारें तलावांतील गाळ शेतांत आणतां येतो. यंत्राचे तास खर्चावयाचे तर माती घरीं आणण्यावर खर्चावे.

महसुली कायदा

महसूल खात्याच्या दप्तरांत आयुष्य गेल्यानें या बाबतींत थोडें विस्तारानें लिहितों. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ (७) अन्वयें परवानगीवांचून गौण खनिज काढणारास किंवा हलविणारास त्याच्या बाजारभावाच्या पांचपटीपर्यंत दंड होऊं शकतो. व पोटकलम (८) प्रमाणें यंत्र व वाहन जप्त करतां येतें.

"आमच्याच शेतांतील माती, ती खनिज कशी?" असें पुष्कळ जण विचारतात. केंद्र सरकारच्या ता. ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेनें भराव, रस्ते, रेल्वे व इमारती यांच्या बांधकामांत भरणीसाठीं किंवा सपाटीसाठीं वापरलेली साधी माती गौण खनिज ठरली आहे. म्हणजे मातीचा उपयोग काय झाला यावर सारें अवलंबून आहे. पुण्याच्या प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशनच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें ता. ३ डिसेंबर २०१४ रोजीं हेंच सांगितलें कीं, केवळ खोदाई झाली म्हणून आकारणी करतां येत नाहीं. त्या मातीचा विनियोग प्रत्येक प्रकरणीं तपासला पाहिजे.

यांतून शेतकऱ्यानें घ्यावयाचा बोध असा. माती गटाबाहेर जाणार असेल, तर आधीं तहसील कचेरींत चौकशी करून परवानगी घ्यावी. माती नेणारा "परवानगी आमच्याजवळ आहे" म्हणाल्यास तिची नक्कल मागावी, आणि तींत आपला गट नंबर, ब्रासांचा आंकडा व मुदत पाहावी. पंचनामा होतो तो गटांत, आणि नोटीस निघते ती सातबाऱ्यावरील नांवानें. डंपरवाला तोंवर दुसऱ्या तालुक्यांत गेलेला असतो.

हद्दीच्या खुणा राखण्याची जबाबदारीहि जमीनधारकाचीच आहे. बांधाला लागून यंत्र चालवावयाचें असल्यास आधीं भूमि अभिलेख कचेरीकडून मोजणी करून घ्यावी व शेजाऱ्यास समक्ष बोलवावें. यंत्र तासाभरांत बांध सरकवितें. तो वाद मिटण्यास मात्र एक पिढी पुरत नाहीं.

तसेंच ओढा किंवा नाला बुजवूं नये. शेतजमिनीवरील पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहास कोणी अडथळा केल्यास तो काढून टाकण्याचा अधिकार मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ प्रमाणें तहसीलदारास आहे. कायदा बाजूस ठेवला तरी अनुभव आहेच. सन २०२५ च्या पावसाळ्यांत हिंजवडीचे रस्ते पाण्याखालीं गेले, तेव्हां बुजलेल्या व वळविलेल्या नाल्यांचीच चर्चा सर्वत्र झाली. पाणी आपली वाट विसरत नाहीं.

चालविण्यांतील दक्षता

यंत्र परक्याचें असलें तरी जागा आपली व माणसें आपलीं असतात. भरलेली बोरी जमिनीलगत ठेवूनच यंत्र चालवावें. उतारावर जड बाजू चढाकडे असावी. म्हणजे बोरी भरलेली असतां बोरी वर, आणि ती रिकामी असतां यंत्राची पाठ वर. उचललेल्या हातांखालीं कोणीहि जाऊं नये. या यंत्रांतून मागचें नीट दिसत नाहीं. म्हणून मुलांस व जनावरांस दूर ठेवावें. तळघरावरील स्लॅबवर बाग करावयाची असल्यास स्थापत्य अभियंत्याच्या लेखी अभिप्रायावांचून तीन टनांचें यंत्र त्यावर चढवूं नये.

यंत्र विकत घ्यावें काय?

जमिनीचे पैसे हातीं आल्यावर या भागांतील कित्येकांनीं यंत्रें घेऊन तीं भाड्यानें देण्याचा धंदा धरला. धंदा वाईट नाहीं. परंतु मुळशीचा पावसाळा चार महिन्यांचा आहे, आणि कर्जाचा हप्ता बाराहि महिने चालू राहतो. वर्षांतून किती तास काम खात्रीनें मिळेल तें आधीं लिहून काढावें, व त्यांतून हप्ता, चालकाचा पगार, टायर, दुरुस्ती व विमा वजा करावा. बाकी कांहीं उरत असेल तरच सही करावी. ज्यास वर्षांतून पांच-दहा तासांचेंच काम आहे, त्यानें भाडें देणेंच हितावह.

गांवोगांवच्या सहकारी संस्थांनीं मात्र एक विचार अवश्य करावा. एकाच शिवारांतील दहा-वीस जणांचीं कामें दिवाळीनंतर एकत्र नोंदून घेतलीं, त्यांचें माप आधीं काढलें व एकच लेखी करार केला, तर ने-आणीचा खर्च वांटला जाईल, किमान तासांचा भुर्दंड टळेल आणि परवानगीचे कागदहि एका हातानें नीट राहतील. अशी नोंदवही यंदाच्या हंगामापासून ठेवण्यास संस्थेस एक वही व एक होतकरू तरुण एवढेंच पुरेसें आहे.