एक तिरपी रेघ

गेल्या दिवाळीत आमच्या घरी शंकरपाळ्यांचा घाट घातला होता. सौ. लाटलेल्या पोळीवर कातण्याने तिरक्या रेघा ओढत होती आणि सहावीतली नात एकेक शंकरपाळी सुटी करून परातीत टाकत होती. मध्येच एक तळहातावर ठेवून तिने विचारले, "आजोबा, हिच्या चारही बाजू सारख्या आहेत. मग हिचं क्षेत्रफळ बाजू गुणिले बाजूच ना?"

'हो' म्हणायच्या बेतात होतो, पण शब्द घशातच राहिला. हेच उत्तर मी एकदा बँकेच्या कागदावर लिहून दिले होते, खाली सही करून.

१९८७ सालची गोष्ट. मी तालुक्याच्या गावी अधिकारी होतो. एस. टी.तला एक कंडक्टर घरासाठी कर्ज मागायला आला. रस्त्यालगतचा प्लॉट त्याने पाहून ठेवला होता. व्यवहार फुटावर ठरला होता, २० रुपये चौरस फूट. मी स्थळपाहणीला गेलो. चार कोपऱ्यांना चार दगड, मध्ये बाभळीची झुडपे. टेप लावला. पुढची बाजू ४० फूट, मागची ४०. दोन्ही लांब बाजू ६५-६५. चाळीस पासष्टे २६००. दलालाचा आकडाही तोच. मी अहवाल लिहिला. "बँकेच्या साहेबांनी मोजलं म्हणजे बघायलाच नको," असे म्हणून कंडक्टरने खरेदीखत केले.

बांधकामाआधी भूमापकाकडून रीतसर मोजणी झाली, तेव्हा जागा भरली २४०० चौरस फूट. लांब बाजू जुन्या बांधांना धरून होत्या आणि ते बांध रस्त्याला तिरके गेले होते. बाजू ६५ फुटांची असली, तरी रस्त्यापासून मागच्या हद्दीपर्यंतचे सरळ अंतर ६० फूटच होते. २०० फुटांचे ४००० रुपये, म्हणजे त्याचा कित्येक महिन्यांचा पगार, हवेत गेले. विकणाऱ्याने हात वर केले. मागच्या बाजूला आईसाठी काढायची खोली त्या माणसाने नकाशातून खोडली. मला तो एवढेच म्हणाला, "साहेब, चारी बाजू तर तुम्हीच मोजल्या होत्या."

मोजल्या होत्या, आणि बरोबर मोजल्या होत्या. हीच तर गंमत.

नातीला मी सुरी आणायला सांगितली. शंकरपाळीच्या वरच्या बोथट कोपऱ्यातून समोरच्या बाजूवर सरळ उभा छेद दिला. एक लहानसा त्रिकोण सुटला. तो उचलून दुसऱ्या टोकाला जोडला, तर शंकरपाळीचा नीट आयत झाला. पीठ तेवढेच. आयताची लांबी शंकरपाळीच्या बाजूएवढी, पण रुंदी? ती तिरक्या बाजूपेक्षा कमी भरली. म्हणजे गुणायचे ते पाया आणि सरळ उंची. तिरकी बाजू त्या गुणाकारात येतच नाही. कंडक्टरचा प्लॉट ही एक लांबट शंकरपाळीच होती.

मग पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकट केली. कोपरा धरून दाबली की ती कलते, चपटी होते, शेवटी पट्ट्या एकमेकींवर निजतात. चारही बाजू होत्या तेवढ्याच, आत मात्र काही उरत नाही. तीन पट्ट्यांचा त्रिकोण कितीही दाबा, हलत नाही. म्हणून तर सुतार लाकडी फाटकाला एक तिरपी पट्टी ठोकतो. आणि म्हणूनच वेडेवाकडे शेत मोजताना त्याचे त्रिकोण पाडतात. प्रत्येकाचा पाया गुणिले उंची, त्याचे निम्मे, आणि मग बेरीज.

ही चूक माझ्या एकट्याची नाही. इजिप्तमध्ये एडफू येथील होरसच्या देवळावर दान दिलेल्या जमिनींची मापे कोरलेली आहेत, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा, हा तिथला हिशेब. आपल्याकडेही जमिनीच्या व्यवहारात हा हिशेब सर्रास ऐकू येतो. आयत असेल तर तो अचूक. बाकी कुठल्याही चौकोनात उत्तर खऱ्यापेक्षा जास्तच येते, कधीच कमी नाही. घेणाऱ्याचे नुकसान ठरलेले.

आपल्या भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास 'लीलावती'त यावर चांगलेच फटकारले आहे. कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणारा तो पिशाच्च, आणि उत्तर देणाराही पिशाच्चच, असा त्यांचा निवाडा. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्याची नोंद आहे. तिथून फार लांब नसलेल्या गावी, आठ शतकांनंतर, बी. कॉम. झालेल्या एका पिशाच्चाने २६०० हे उत्तर दिले.

टेप तर हातातच होता. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत गेलो असतो, तर एक कर्ण ६२ फुटांच्या आत-बाहेर आणि दुसरा ८८ च्या पुढे भरला असता. आयताचे दोन्ही कर्ण सारखे असतात, हे मला शाळेपासून पाठ होते. पण मध्ये बाभळी होत्या, आणि पँट नवी होती.

"मग त्या आजींची खोली झाली का?" नातीने विचारले.

झाली. चार वर्षांनी त्याने वरचा मजला चढवला आणि तिथे खोली काढली. वास्तुशांतीला मला आग्रहाने बोलावले. आई खाली ओट्यावर बसली होती. तिच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता.

म्हणून जागा घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो. चार बाजू मोजून झाल्या की टेप गुंडाळू नका. काटे असले तरी आत शिरा आणि दोन्ही तिरप्या मोजा.