मिनिटं मोजायची की मापायची?

गेल्या वेळी ‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ यांच्यावरून एक ओळ सहज येऊन गेली आणि तिच्यावर सांगलीहून एका शिक्षिकेचं पत्र आलं. ते बाजूला ठेवण्यासारखं नाही.

नववीच्या चाचणीत एका मुलीने लिहिलं होतं, ‘आय फिनिश्ड इट इन लेस दॅन फाइव्ह मिनिट्स.’ मिनिटं मोजता येतात, म्हणून ते काउंटेबल नाउन, म्हणून तिथे ‘फ्यूअर’ हवं. बाईंनी ‘लेस’वर लाल रेघ मारली आणि अर्धा गुण कापला. मुलगी ऐकेना; इंग्रजी बातम्यांत तिने ‘लेस दॅन फाइव्ह मिनिट्स’ असंच ऐकलं होतं. बाईंनी विचारलंय, बरोबर कोण?

मुलगी बरोबर आहे. तिचा अर्धा गुण तिला परत मिळायला हवा.

शाळेत सांगितला जाणारा नियम सगळ्यांना पाठ असतो: पुस्तकं ‘फ्यूअर’, पाणी ‘लेस’. आपल्याकडे तो रुजला त्यात ‘रेन अँड मार्टिन’चा मोठा वाटा. त्यातले रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि पुढे ‘बो जेस्ट’ या कादंबरीमुळे जगभर गाजले. ‘लेस’ परिमाणासाठी आणि ‘फ्यूअर’ संख्येसाठी, ही त्या पुस्तकातली वाटणी. वाटणी म्हणून ती ठीकच आहे. घोटाळा होतो तो ‘परिमाण’ हा शब्द विसरून फक्त नामाचं अनेकवचन बघितल्यामुळे. पाच मिनिटं म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात पाच सुटी मिनिटं नसतात, वेळेचा एक सलग तुकडा असतो. अंतर, पैसा, वजन, तापमान यांचंही तसंच.

ओळखायचं कसं? क्रियापदाला विचारावं. ‘फाइव्ह मिनिट्स इज इनफ’ हे इंग्रजी कानाला बिनतक्रार चालतं. ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज इज टू मच’, ‘टेन किलोमीटर्स इज अ लाँग वॉक’ हीसुद्धा चालतात. नाम अनेकवचनी असूनही जिथे ‘इज’ शोभतं, तिथे ‘लेस दॅन’ बिनधास्त लिहावं. ‘टेन स्टुडंट्स इज अ‍ॅब्सेंट’ मात्र कुणी म्हणणार नाही. तिथे ‘आर’ लागतं आणि म्हणूनच तिथे ‘फ्यूअर दॅन टेन स्टुडंट्स’. वर्गात फळ्यावर ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहिली, तर काउंटेबल-अनकाउंटेबलच्या तक्त्यापेक्षा मुलांना लवकर समजतं.

पण हा नियम आला कुठून? त्याचं सर्वांत जुनं छापील रूप सापडतं ते 1770 मध्ये, रॉबर्ट बेकर यांच्या ‘रिफ्लेक्शन्स ऑन द इंग्लिश लँग्वेज’ या पुस्तकात. फ्रेंच भाषेवर वोजला यांनी जसे शेरे लिहिले, तसे इंग्रजीवर लिहावेत अशी बेकर यांची हौस. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि ग्रीक येत नाही, हे त्यांनी प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगून टाकलं आहे. संख्येसाठी ‘फ्यूअर’ अधिक डौलदार आणि अधिक योग्य वाटतं, असं त्यांनी स्वतःचं मत म्हणून लिहिलं. ती एका माणसाची आवड होती. पुढच्या व्याकरणकारांनी तिच्यातलं ‘मला वाटतं’ गाळलं आणि उरला तो नियम.

त्याआधीची स्थिती तर फार रंजक आहे. नवव्या शतकात इंग्लंडचा राजा आल्फ्रेड याच्या गद्यात आजच्या ‘लेस’चं जुनं रूप ‘शब्द’ या अनेकवचनी नामाबरोबर येतं. त्या काळच्या इंग्रजीत आपल्यासारख्या विभक्ती होत्या आणि या शब्दापुढचं नाम षष्ठीत जाई, म्हणजे जवळजवळ ‘शब्दांतले कमी’ अशी ती रचना. पुढे षष्ठीचे प्रत्यय झिजून गेले आणि ‘लेस वर्ड्स’ उरलं. आज ज्या रचनेला अडाणी म्हणून झिडकारलं जातं, तिची मुळं हजार वर्षांहून खोल आहेत.

याच्या उलट्या टोकाचं उदाहरण ‘मोर’चं. जुन्या इंग्रजीत मोजायच्या वस्तूंसाठी ‘मो’ आणि मापायच्या वस्तूंसाठी ‘मोर’ असा भेद बराच काळ टिकला होता. शेक्सपिअरच्या छापील नाटकांतही ‘मो’ भेटतो. नंतर तो गळून पडला. आता ‘मोर बुक्स’, ‘मोर वॉटर’ दोन्ही चालतात आणि कुणाचंही काही अडत नाही. वाढीच्या बाजूला जो भेद गेला, तो घटीच्या बाजूला मात्र जिवापाड जपला जातो!

किती जपला जातो? ब्रिटनमध्ये टेस्कोच्या दुकानांत झटपट काउंटरवर ‘टेन आयटम्स ऑर लेस’ अशी पाटी असे. भाषाप्रेमींची तक्रार इतकी चालली, की 2008 मध्ये प्लेन इंग्लिश कॅम्पेन या संस्थेच्या सूचनेवरून ‘अप टु टेन आयटम्स’ असा मजकूर निवडला गेला. वादच मिटला, कारण दोन्ही शब्द हद्दपार झाले. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ पाहिलेल्यांना स्टॅनिस बरॅथियन आठवेल. त्याचा साथीदार डावोस ‘लेस’ म्हणतो आणि हा राजेपदाचा दावेदार त्याला ‘फ्यूअर’ अशी दुरुस्ती सुचवतो.

बाईंच्या पत्रात ताजा कलम म्हणून आणखी एक वाक्य आहे: ‘वन लेस थिंग टु वरी अबाउट’ हे चूक धरायचं का? नाही. गोष्ट मोजता येते हे खरं, पण ‘वन’ या आकड्याला चिकटून येतं ते ‘लेस’च, ‘वन फ्यूअर थिंग’ लिहिणारे थोडे आणि बोलणारे त्याहून थोडे. मात्र स्पर्धा परीक्षेत ‘चूक ओळखा’ म्हणून ‘लेस स्टुडंट्स’ आलं, तर मुलांनी ‘फ्यूअर’च निवडावं. तिथे आल्फ्रेड राजाचा दाखला देऊन गुण मिळत नाहीत.