६८ दिवस बंद, ६८० दिवसांची उधारी

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात जी लेन्स बसवतात, तिचं वजन जेमतेम २० मिलिग्रॅम. तळहातावर ठेवली तर ठेवल्याचं कळणारही नाही. आता गुणाकाराला बसू. करोनाच्या आधी भारतात वर्षाला मोतीबिंदूची ६० लाखांहून जास्त ऑपरेशनं होत होती. आपण ६० लाखच धरू. ६० लाख लेन्स, प्रत्येकी २० मिलिग्रॅम. एकूण वजन? १२० किलो! एवढ्या मोठ्या देशाची वर्षभराची परत आलेली नजर, आणि तांदळाच्या पन्नास किलोवाल्या अडीच पोत्यांएवढी!

आता याच लेन्स एकीला एक लावून रस्त्यावर मांडू. बाजूचे दोन बारीक हूक धरून लेन्सची लांबी होते साधारण १३ मिलिमीटर. ६० लाख गुणिले १३ मिलिमीटर म्हणजे ७८ किलोमीटर. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आहे ९४.५ किलोमीटरचा. कळंबोलीपासून मांडायला लागलात तर पनवेल मागे पडेल, खोपोली मागे पडेल, घाट चढून लोणावळाही मागे पडेल, तरी लेन्स संपायच्या नाहीत!

वर्षाला ६० लाख म्हणजे दिवसाला १६,४००. रविवार, दिवाळी, गणपती सगळं धरून. मिनिटाला ११ पेक्षा जास्त. दर सव्वापाच सेकंदांना देशात कुठेतरी एका डोळ्यात लेन्स बसत होती, सकाळ-दुपार-रात्र, वर्षानुवर्षं.

आणि २५ मार्च २०२० ला करोनाच्या टाळेबंदीने हे सगळं थांबलं, ३१ मेपर्यंत, ६८ दिवस.

डोळ्यांच्या डॉक्टरांवरच ही कुऱ्हाड इतकी जोरात का पडली, हे त्यांच्या खोलीत डोकावलं की लगेच दिसतं. स्लिट लॅम्प नावाचं ते यंत्र आठवा. हनुवटी इथे टेका, कपाळ पुढे लावा, समोर बघा. यंत्राच्या पलीकडे डॉक्टर. दोन चेहऱ्यांमध्ये अंतर किती? फूटभर, फार तर दीड फूट! सरकार सांगत होतं सहा फूट लांब राहा, आणि यांचं सगळं काम फूट-दीड फुटावरचं. दिवसाला चाळीस रुग्ण म्हणजे चाळीस वेळा कुणाचा तरी श्वास थेट तोंडावर. वुहानमध्ये डिसेंबर २०१९ अखेर सहकाऱ्यांना करोनाचा इशारा देणारे ली वेनलियांग हे डोळ्यांचेच डॉक्टर होते. ७ फेब्रुवारी २०२० ला त्याच आजाराने ते गेले. ही भीती कागदावरची नव्हती. डॉक्टरांनी जुन्या एक्स-रेच्या फिल्म्स धुऊन, कापून स्लिट लॅम्पला ढाली लावल्या.

त्यात भर अशी की मोतीबिंदू थांबू शकतो. हृदयविकाराचा झटका थांबत नाही, बाळंतपण थांबत नाही, पण मोतीबिंदूला ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणता येतं. म्हणून बंद करायच्या यादीत तो सगळ्यात वर गेला. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची मिळकत मुख्यतः त्याच्यावरच चालते!

अमेरिकेचा आकडा तर ऐकाच. मार्च-एप्रिल २०२० मधल्या दोन आठवड्यांची तिथल्या २२८ रुग्णालयांची आकडेवारी तपासली गेली. सगळ्या वैद्यकीय शाखांमध्ये सर्वांत मोठी घसरण कुणाची? डोळ्यांची. रुग्ण ८१ टक्क्यांनी कमी. एकट्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनांची घट ९७ टक्के. शंभरातली तीन उरली! छोट्या उद्योगांचे पगार भागावेत म्हणून तिथल्या सरकारने ३४९ अब्ज डॉलरची कर्ज योजना काढली. त्या रांगेत डोळ्यांचे दवाखानेही उभे होते. ७५ रुपयांचा डॉलर धरला तर हे झाले २६ लाख कोटी रुपये. आपल्या केंद्र सरकारचा २०२०-२१ चा सगळा अर्थसंकल्प होता ३०.४२ लाख कोटींचा. रेल्वे, सैन्य, शेती, व्याज, सगळं मिळून! त्याच्या जवळपास जाणारी रक्कम अमेरिकेत किती दिवसांत संपली? तेरा.

तो डॉलरचा पूर तिथे राहू द्या. आपण आपल्या तालुक्याच्या गावी येऊ, कारण खरा हिशेब इथे टोचतो. समजा, एका डॉक्टरने ऑपरेशन थिएटर (ओटी) आणि मोतीबिंदू काढायच्या फेको मशीनसाठी ६० लाखांचं कर्ज काढलंय, सात वर्षांसाठी, ११ टक्क्यांनी. महिन्याचा हप्ता एक लाखावर. सहा माणसांचा स्टाफ, प्रत्येकी १२ हजार, म्हणजे ७२ हजार. भाडं, लाइट बिल, मशीनची देखभाल, पन्नास हजार. एकूण सव्वादोन लाख. दिवसाला साडेसात हजार. शटर उघडं असो की बंद, तासाला ३१२ रुपये जातात. डॉक्टर झोपले असले तरी मिनिटाला पाच रुपये जातात. आणि येतात किती? बाहेरच्या बाकावर डोळ्यांत ड्रॉप टाकून, पदर डोळ्यांवर धरून ओळीने बसणाऱ्या आज्या कुठेच नाहीत. बाक रिकामा, गल्ला रिकामा. ६८ दिवसांत पाच लाख दहा हजार गेले, आले जवळपास शून्य.

एका दवाखान्याचं झालं. आता सगळे घेऊ. टाळेबंदीत देशातल्या १,२६० नेत्रतज्ज्ञांची एक पाहणी झाली. त्यातले ७२.५ टक्के एकही रुग्ण तपासत नव्हते. एकही नाही! खासगी दवाखानेवाल्यांमध्ये हे प्रमाण ७७.५ टक्के होतं. देशातल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेचे सभासद वीस हजारांच्या वर आहेत. वीसच हजार धरू, त्यांचे ७२.५ टक्के म्हणजे साडेचौदा हजार. प्रत्येकामागे आपल्या तालुक्यातल्या दवाखान्याइतका खर्च मांडून बघू. दिवसाला जवळपास ११ कोटी. ६८ दिवसांत ७४० कोटी. पाचशेची नोट १५ सेंटीमीटर लांब असते. ७४० कोटींच्या पाचशेच्या नोटा एकीपुढे एक ठेवल्या तर होतात २,२२० किलोमीटर. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरा. सात वेळा जाऊन या आणि आठव्यांदा पुण्याकडे निघा, तेव्हा कुठे नोटा संपतील! आणि हा फक्त खर्च झाला. बुडालेल्या मिळकतीला आपण अजून हातही लावलेला नाही.

बुडालेली मिळकत मोजायला सगळ्यात छोटं माप घेऊ. स्वयंसेवी रुग्णालयांनी मोफत ऑपरेशन केलं तर सरकारकडून तेव्हा साधारण दोन हजार रुपये अनुदान मिळत होतं. खासगी दवाखान्यात दर याच्या कितीतरी पट असतो, पण आपण दोन हजारच धरू. दिवसाला १६,४०० ऑपरेशनं, म्हणजे सव्वातीन कोटींहून जास्त. मुंबईहून पुण्याला गाडीने तीन तास लागतात. तुम्ही वाशी टोलनाका ओलांडून, वाटेत वडापाव खाऊन पुण्यात पोचेपर्यंत ४१ लाख रुपये गेलेले असतात. हेही सगळ्यात स्वस्त दराने. ६८ दिवसांचे झाले २२३ कोटी.

सलाइनचंही तसंच. एका ऑपरेशनला अर्ध्या लिटरची बाटली लागते असं धरलं, तर त्या ६८ दिवसांत जवळपास साडेपाच लाख लिटर सलाइन वापराविना राहिलं. वीस फूट रुंद आणि तेहतीस फूट खोल अशा दोन विहिरी जवळपास काठोकाठ! बाटल्या बनवणारा, लेन्स बनवणारा, चष्म्याची काच घासणारा, सगळ्यांचा धंदा याच डॉक्टरांच्या मागे बांधलेला. तोही बसला.

पण मला सगळ्यात थक्क करतो तो मदुराईचा हिशेब. १९७६ साली डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी तिथे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं, ११ खाटांचं. करोनाआधी ही संस्था वर्षाला साडेचार लाखांहून जास्त शस्त्रक्रिया करत होती. दिवसाला बाराशेच्या वर! त्यातल्या निम्म्याहून जास्त मोफत किंवा अगदी नाममात्र दरात. पैसे देणारा रुग्ण येतो, त्याच्या बिलातून एखाद्या शेतमजुराचं ऑपरेशन होतं. लेन्ससुद्धा संस्थेचा स्वतःचा कारखाना बनवतो, १९९२ पासून. हे सगळं गर्दीवर उभं आहे. गर्दी जितकी मोठी तितका एका ऑपरेशनचा खर्च कमी, खर्च जितका कमी तितके मोफत रुग्ण जास्त. आणि साथीने नेमकी गर्दीच बंद केली. पैसे देणारा एक रुग्ण घरी बसला की त्याच्यामागचा मोफत रुग्णही घरीच बसतो. खेड्यापाड्यातून बस भरभरून रुग्ण आणणारे कॅम्प बंद, बसही बंद. म्हणून डॉक्टरांचा तोटा म्हणजे श्रीमंतांचं रडगाणं, असं कुणी म्हटलं की मला राग येतो. या धंद्यात गल्ल्यात न आलेला रुपया आणि न उघडलेला डोळा एकाच वहीत मांडलेले असतात.

मदत आली, पण तिचीही तारीख बघा. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलले, मार्च ते ऑगस्ट २०२०, सहा महिने. व्याज मात्र चालू. आपल्या त्या ६० लाखांवर सहा महिन्यांत सव्वातीन लाखांहून जास्त व्याज चढलं. १३ मे ला छोट्या उद्योगांसाठी ३ लाख कोटींची विनातारण कर्ज योजना जाहीर झाली. डॉक्टरांना स्वतःच्या नावावरच्या व्यवसाय कर्जासाठी तिचं दार उघडलं १ ऑगस्टला. ८० दिवसांनी!

आणि दवाखाने उघडले तेव्हा खर्च वाढून बसला होता. ओटीत तीन माणसं धरा, प्रत्येकाला एक पीपीई किट. पूर्वीइतकीच ऑपरेशनं करायची म्हटली, आणि दर ऑपरेशनला किट बदलायचे म्हटले, तर दिवसाला ४९ हजार किट. मे महिन्यात सगळ्या देशात मिळून दिवसाला दोन लाख किट बनत होते. म्हणजे एकटा मोतीबिंदू त्यातला चौथा हिस्सा घेऊन जाणार!

आता राहिले ते रुग्ण. १६,४०० गुणिले ६८. जवळपास ११ लाख १५ हजार ऑपरेशनं पुढे गेली. तातडीची थोडी झाली असतील ती वगळा, आकडा फारसा हलत नाही. ऐन गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या लोकलमध्ये पाच हजार माणसं असतात असं धरू. ऑपरेशनला एक माणूस धरला तर २२३ लोकल भरतात. खच्चून, दारात लोंबकळणाऱ्यांसकट! एक लोकल अडीचशे मीटरहून लांब. २२३ लोकल एकीला एक चिकटवून सीएसएमटीपासून उभ्या केल्या तर दादर, कुर्ला, ठाणे, डोंबिवली करत शेपूट कल्याणच्याही पलीकडे जातं. प्रत्येक डब्यात धुक्यातून बघणारी माणसं. कुणाला सून ओळखू येत नाही, कुणाला गोळीच्या पाकिटावरचं नाव, कुणाला विहिरीचा काठ.

ही रांग संपवायची कशी? रोजच्या नव्या १६,४०० रुग्णांचं काम तर चालूच. त्यावर दवाखान्यांनी दहा टक्के जास्त काम केलं, रविवारीही ओटी लावली, तर दिवसाला १,६४० जास्तीची ऑपरेशनं. ११ लाख १५ हजार भागिले १,६४०. उत्तर येतं ६८०. अडुसष्ट दिवस बंद, आणि फेडायला सहाशे ऐंशी दिवस! थकलेल्या हप्त्यांसह, वाढलेल्या खर्चासह, खुर्च्यांमध्ये अंतर ठेवून, एकही सुट्टी न घेता.

१ जून २०२० पासून मोजायला लागा. ६८० दिवस पुरे होतात एप्रिल २०२२ मध्ये. पण १४ एप्रिल २०२१ च्या रात्री आठला महाराष्ट्रात पुन्हा कडक निर्बंध लागले. तोवर ३१७ दिवस झाले होते. सगळं अगदी सुरळीत चाललं असं मानलं, तरी १०४ लोकल रिकाम्या झाल्या असत्या. ११९ तशाच भरलेल्या उभ्या होत्या, आणि मागून नव्या येऊन लागत होत्या.