कात्रजहून स्वारगेटला कशाने?

दुचाकी, पीएमपी बस की रिक्षा? पुण्याच्या कात्रज चौकातला हा रोजचा निर्णय गणितात मांडता येतो. भाडे, प्रवासाचा वेळ, थांब्यावरचा वेळ यांना वजन देऊन प्रत्येक पर्यायाची 'उपयुक्तता' काढायची; जास्त उपयुक्त तो निवडला जाण्याची शक्यता जास्त. थांब्यावरचे मिनिट बसमधल्या मिनिटाच्या जवळपास दुप्पट जाचते, असे अनेक अभ्यासांत दिसले. (थांब्यावर उभ्या असलेल्याला हे सांगायला अर्थतज्ज्ञ कशाला हवा!)

ही पद्धत रुजवली डॅनियल मॅकफॅडन यांनी. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'बार्ट' रेल्वेला कामावर जाणाऱ्यांपैकी 15 टक्के मिळतील, हा अधिकृत अंदाज, त्यांचा 6.3. प्रत्यक्षात आले 6.2. 2000मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

या पद्धतीच्या साध्या प्रतिमानाची एक खोड मात्र प्रसिद्ध आहे. निम्मे लोक दुचाकीवर, निम्मे लाल बसने जात असताना तशीच निळी बस सुरू केली, की हे प्रतिमान तिन्ही पर्यायांना सारखा वाटा देते. म्हणजे नुसत्या रंगामुळे दुचाकीस्वार बसमध्ये चढले! म्हणून सारखे पर्याय एका गटात घालणारी प्रतिमाने आली. कात्रजलाही हा प्रश्न येणार: स्वारगेट–कात्रज भुयारी मेट्रोचे भूमिपूजन सप्टेंबर 2024मध्ये झाले. तिला बसच्या गटात घातले की दुचाकीसमोर उभे केले, यावर तिच्या प्रवाशांचा अंदाज बराच हलेल.